सेतुरावांचा विनय

तंजावूरच्या बाजारामागे खाटकांची एक गल्ली आहे. तिथे सकाळच्या गर्दीत कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ ओढलेला एकच माणूस दिसे. धोतर पांढरंशुभ्र, खांद्यावर उपरणं, आणि हातात कडीचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. त्या डब्याला तिकडे तूक्कू म्हणतात. गावातले लोक तूक्कूतून दूध आणतात, सांबार नेतात, लेकीच्या सासरी पायसम पोचवतात. सेतुराव त्यातून बकऱ्याचे डोळे आणत.

खाटीक त्यांना ‘रायर सार’ म्हणे. मराठी ब्राह्मणांना तिथे रायर म्हणायची रीत आहे. डोळे तो आधीच बाजूला काढून ठेवी आणि देताना रोज तीच थट्टा करी, “मांस सगळं गाव नेतं. डोळे रायर सारांखेरीज कोणी मागत नाही. तुमच्यामुळं माझ्या बकऱ्याचं काही वाया जात नाही.” सेतुराव मान डोलवत, डोळे बर्फातल्या मिठाच्या पाण्यात सोडत, झाकण लावत आणि मोपेडवरून कॉलेजला येत. तूक्कू हँडलला अडकवलेला असे. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं तर विचारी, “दूध का रायर?” सेतुराव म्हणत, “नाही, डोळे.” लोक हसून पुढे जात. खरं बोलल्यावर लोकांनी हसून पुढे जाणं हा त्यांच्या आयुष्याचा क्रमच होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी त्या गावात नोकरीसाठी गेलो होतो. नोकरीसाठी माणसं मुंबईला जातात, आखातात जातात. मी नाशिकहून तंजावूरला गेलो, कारण जाहिरात आधी तिथली आली. देशात सगळं खुलं होत होतं ते दिवस. भाताच्या गिरण्या असलेल्या माणसांना शिक्षणाचा कळवळा येऊ लागला होता. आमचं औषधनिर्माण महाविद्यालय अशाच एका कळवळ्यातून उभं राहिलं होतं. संस्थेच्या मालकाला तिकडे ‘करस्पाँडंट’ म्हणतात. आमच्या करस्पाँडंट साहेबांचा फोटो प्रयोगशाळेत सरस्वतीच्या शेजारी होता. सरस्वतीची चौकट थोडी लहान होती.

सेतुराव तिथे औषधरचनाशास्त्र शिकवत. औषध शोधणं हा त्यांचा विषय नव्हता. ते जिथे पोचायला हवं तिथे कसं पोचवायचं, हा होता. त्यांच्या घराण्यात मधुमेह वतनासारखा चालत आला होता. वडील गेले तेव्हा आंधळे होते, आत्याही. मधुमेहात रक्तातली साखर डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून गंजवते. तो गंज थोपवणारी द्रव्यं असतात आणि हळदीतला पिवळा पदार्थ त्यांतलाच एक. हळद पोटात घेऊन डोळ्यापर्यंत फारशी पोचत नाही. पाण्यात ती विरघळत नाही, उजेडात टिकत नाही. म्हणून सेतुराव चरबीचे अतिसूक्ष्म बुडबुडे करून त्यांच्या पोटात हळद भरत आणि त्याचे थेंब करत.

मी आलो त्या आठवड्यात त्यांनी मला आपला सगळा विषय चहाच्या एका पेल्यात समजावून दिला. “डोळा म्हणजे सरकारी कचेरी,” ते म्हणाले. “अर्ज पुढच्या खिडकीवर घेतात. काम मागच्या खोलीत होतं. मध्ये इतकी दारं आहेत की अर्ज तिथवर जातच नाही. आणि अश्रू आहेत शिपायासारखे, टाकलेला अर्ज लगेच धुऊन बाहेर काढतात. दिल्लीनं परवाने काढून टाकले म्हणतात. डोळ्यानं अजून काढले नाहीत.”

त्यांची काम करायची पद्धत पाहत राहावी अशी होती. बकऱ्याच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा कातरीनं गोल कापून घ्यायचा, काचेच्या दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवायचा. वरच्या कप्प्यात औषध, खालच्यात अंगाच्या उष्णतेइतकं कोमट मिठाचं पाणी. मग ठरावीक वेळानं खालचं पाणी काढून बघायचं, औषध पलीकडे उतरलं का. पडदा चिमट्यात धरताना ते श्वास रोखत. तेवढ्यात कोणी हाक मारली तर उत्तर मिळत नसे. हात मात्र दगडावर ठेवल्यासारखे स्थिर असत. तो पडदा जराही सुरकुतला तर टाकून देत आणि म्हणत, “याला आपण दुखवलं. हा आता खोटी साक्ष देईल.”

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मोठी चूक केली. घरात दोघंच, सेतुराव आणि त्यांची थोरली बहीण गोदाक्का. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या, तोवर आई गेली होती. धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. त्यानं लग्न केलं नाही. तूक्कूला घरात मज्जाव होता. तो बाहेरच्या ओट्याच्या भिंतीला, एका खिळ्यावर लटकत असे. पानं वाढताना अक्का म्हणाल्या, “आज काही जालं नाही बरं. डाळ पातळ जाली, भाजीस मीठ नाही.” तंजावूरच्या मराठीत अजून ‘जालं’ म्हणतात, तीनशे वर्षांत तिला कोणी सुधारायला गेलं नाही. मी चाखून सभ्यपणे म्हणालो, “नाही अक्का, ठीक आहे की.”

अक्कांचा चेहरा उतरला. सेतुरावांनी मान खाली घालून भात कालवला. पुढे मोपेडवरून सोडायला आले तेव्हा त्यांनी मला रीत समजावली. त्यांच्यात आपण केलेल्या गोष्टीला कोणी चांगलं म्हणत नाही. करणाऱ्यानं ‘काही जालं नाही’ म्हणायचं. जितकं चांगलं, तितकी नावं जास्त ठेवायची. आणि ऐकणाऱ्यानं वाद न घालता पान पुढे करून म्हणायचं, “चांगलं आहे, आणिक थोडं घाला.” बस्स. तेवढ्यात सगळं येतं.

“आणि खरंच बिघडलं असेल तर?” मी विचारलं.

ते म्हणाले, “त्याची सोय नाही.”

पुढच्या वेळी मी पान पुढे केलं आणि त्या घरातला झालो. संध्याकाळी ओट्यावर अक्का पोथी वाचत. घराण्यातली जुनी मराठी पोथी, खड्या अक्षरांत छापलेली. त्या घरात देवनागरी वाचता येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. सेतुराव तमिळ आणि इंग्रजी वाचत. मराठी फक्त बोलत. शेजारच्या मराठी घरांतली मुलं तर बोलतही नसत, कळल्यासारखं हसत. अक्कांचा सूर तमिळ वळणाचा, शब्द कधीचेच जुने. सेतुराव डोळे मिटून ऐकत. मी एकदा म्हणालो, “शिकून का घेत नाही? आठवड्याचं काम आहे.” ते म्हणाले, “अक्का आहे की.”

आणि अक्कांच्याच डोळ्यांत ते सुरू झालं. साखर त्यांना कधीची होती. सेतुरावांनीच त्यांना मदुराईला नेऊन तपासून आणलं. मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे नवे, ठिसूळ धागे फुटू लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, लेसरनं त्या भागाला डाग द्या, लवकर द्या. दिसतंय ते टिकेल, गेलेलं येणार नाही. रात्रीची नजर थोडी कमी होईल. त्या वेळी अक्कांना सगळं स्वच्छ दिसत होतं. सुईत दोरा ओवत होत्या. स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्याला डाग कशासाठी द्यायचा, हे त्यांना पटेना. तरी भावाच्या शब्दाखातर तयार झाल्या. पुढची तारीख मिळाली, पिशवी भरून ठेवली.

मध्ये करस्पाँडंट साहेब आले.

मद्रासच्या एका औषध कंपनीनं परदेशी कंपनीशी हात मिळवला होता आणि तिला काहीतरी नवं हवं होतं. सेतुरावांचे थेंब बकऱ्याच्या पडद्यातून उतरत होते. साध्या थेंबांपेक्षा बरेच जास्त उतरत होते. हे त्यांनी विभागाच्या बैठकीत एका वाक्यात सांगितलं होतं. ते वाक्य करस्पाँडंट साहेबांपर्यंत पोचेतो त्याचं संशोधन केंद्र झालं होतं. संगमरवरी पाटी घडवायला टाकली. समारंभ ठरला. गावात भिंतींवर भित्तिपत्रकं लागली: साहेबांचा चेहरा, त्याखाली एक प्रचंड डोळा. डोळा साहेबांपेक्षा जरा कमी भोळा दिसत होता.

समारंभाला एक माजी मंत्री होते. कंपनीचा माणूस कोट घालून आला होता आणि कोटाच्या आत शिजत होता. सेतुरावांना जरीची शाल पांघरली, कैरीच्या दिवसांत. पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, अक्का. कंपनीच्या माणसानं सांगितलं की मधुमेह्यांच्या घरातला अंधार आता संपला. साहेबांनी सांगितलं की आपण तो संपवला. मग सेतुराव उठले. मी त्यांना इतकं स्पष्ट बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तमिळमध्ये ते म्हणाले, “मी काही औषध केलेलं नाही. मेलेल्या बकऱ्याच्या डोळ्याचा पुढचा पडदा तेवढा ओलांडला आहे. रोग मागच्या पडद्यावर असतो. मध्ये अख्खा डोळा आहे. जिवंत डोळ्यात हे काहीच न करण्याची शक्यता जास्त आहे. ज्यांना डॉक्टरांनी लेसर सांगितला आहे त्यांनी तो घ्यावा. वाट पाहू नये.” एवढं बोलून बसले. शेवटचं वाक्य ते पहिल्या रांगेकडे बघून बोलले होते.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माजी मंत्री सद्गदित होऊन उठले आणि म्हणाले, “भरलेला घडा डचमळत नाही म्हणतात, ते आज पाहिलं.” पुन्हा टाळ्या. एवढ्या सभेत एका माणसानं खरं सांगितलं आणि सगळ्या सभेनं त्याला सुसंस्कृत ठरवलं. अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. आनंदानं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मदुराईची पिशवी रिकामी केली.

“मदुराईस कशास जायचं?” त्या म्हणाल्या. मी ओट्यावर होतो, सेतुराव दारात उभे. “डोळा जाळून घ्यायास? तुजं औषध जालं की.”

“जालं नाही, अक्का.”

“सरि, सरि.” तमिळमध्ये ‘बरं, बरं’ म्हणतात तसं.

“खरंच जालं नाही. काही उपयोग नाही त्याचा.”

“पहिला वर्ग आला तेव्हां काय म्हणालास? तसं काही विशेष नाही. डॉक्टर जालास तेव्हां शेजाऱ्यानं येऊन सांगितलं मज. तू लहानपणापासून असाच.” मग माझ्याकडे वळून कौतुकानं, “याला नांवं ठेवायास फार येतं. काल किती ठेवलीं पाहिलंत ना? तेव्हांच मज कळलं, मोठं काही आहे.”

सेतुराव पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यादेखत आवाज चढवून बोलले. “अक्का, ही भाजी नव्हे.”

“मी कोठे म्हणते भाजी?” अक्का म्हणाल्या. “घाई नाही मज. तुजं मनासारखं होऊं दे, मग घाल.”

नंतर मी एकटा जाऊन त्यांना समजावलं. काचेचे कप्पे, पुढची खिडकी, मागची खोली, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी दिली आणि म्हणाल्या, “त्यानं पढवून धाडलं तुम्हांस. तुम्ही तरी काय करणार.” सेतुरावांनी मदुराईच्या डॉक्टरांना फोन जोडून दिला. डॉक्टर बोलले, अक्का ‘होय की, होय की’ म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर डॉक्टर सज्जन असल्याचं त्यांनी मान्य केलं. डॉक्टर आपल्याच लेसरला चांगलं म्हणत होते, ते त्यांना काय पटणार? चांगलं असतं त्याला करणारा नावं ठेवतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सेतुराव ससे पाळू लागले. म्हणजे कॉलेजच्या मागे पिंजरे बांधले गेले आणि जिवंत डोळ्यावरचं काम सुरू झालं. ते असे राबत होते की जणू अक्कांचा विश्वास खरा करून दाखवणं एवढाच मार्ग उरला होता. बुडबुडे लहान केले, त्यांना चिकट आवरण दिलं, अश्रूंनी धुऊ नये म्हणून थेंब जेलीसारखे केले. बोटं हळदीनं कायमची पिवळी झाली. अक्का ती बघून म्हणत, “लग्न लागल्यासारखा दिसतोस.” ते हसत नसत. घरी गेल्यावर रोज आधी विचारत, “आज वाचलंस का?” आणि अक्का वाचून दाखवत. माझ्या लक्षात आलं की ते आता डोळे मिटून ऐकत नाहीत. त्यांच्या तोंडाकडे, पोथीपासूनच्या अंतराकडे बघत ऐकतात.

सशांचा निकाल आला. पुढच्या भागात औषध होतं. मागच्या पडद्यावर जे पोचलं ते मोजमापाच्या चुकीइतकं होतं. सेतुरावांनी हे बैठकीत पुन्हा एका वाक्यात सांगितलं. या वेळी मात्र त्यांचा विनय कोणाला आवडला नाही. कंपनीनं हात सोडवून घेतला आणि थोड्याच दिवसांत तशाच द्रव्याच्या गोळ्या काढल्या, डबीवर डोळ्याचं चित्र छापून. त्या सगळीकडे मिळत. संशोधन केंद्राच्या खोलीत संगणक वर्ग सुरू झाला. पाटी मात्र तशीच राहिली. संगमरवर काढायला खर्च येतो.

त्याच पावसाळ्यानंतर एका सकाळी अक्का ताक घुसळत होत्या. ताकात काजळी पडली असं त्यांना दिसलं. ताक ओतून दिलं, भांडं घासलं, पुन्हा दही घेतलं. पुन्हा काजळी. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरही होती. डोळ्यात रक्त फुटलं होतं. आता त्या मदुराईला गेल्या. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. एका डोळ्यातला पडदा आतल्या आत ओढला जाऊन सुटला होता. दुसऱ्याला लेसर दिला, तो वर्षभर टिकला, मग तोही गेला. त्या शेवटच्या खेपेला गाडीत परतताना सेतुराव त्यांच्या शेजारी बसले होते. अक्कांनी फक्त एवढंच विचारलं, “तंजावूर आलं का?” आलं होतं.

मी पोथी वाचायला बसलो. दोन-तीन संध्याकाळी त्यांनी ऐकलं, मग म्हणाल्या, “तुम्ही वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाचता.” ते खरं होतं. सेतुराव पन्नाशीत अक्षरं शिकायला बसले. ‘क’ आणि ‘फ’ वेगळे राहीनात. ज्या हातांनी बकऱ्याचा पडदा सुरकुती न पाडता ताणला, त्यांनी काढलेला ‘अ’ बघवत नसे. त्यांनी पोथी कापडात बांधून फळीवर ठेवली. त्या घरात मराठी वाचणं संपलं. इतकं निमूट की शेजाऱ्यांना कळलंही नाही.

अक्का बाहेर काही बोलल्या नाहीत. भावालाही कधी दोष दिला नाही. तेच सेतुरावांना सोसवत नव्हतं, असं मला वाटतं. ते अजून खाटकाकडे जात. कॉलेजात आता ते काम कोणी मागत नव्हतं, तरी पडदा ताणून बसवत, पाणी काढत, मोजत. एकदा मी म्हटलं, “सेतुराव, आता कोणासाठी?” ते म्हणाले, “मागच्या खोलीला कोठेतरी दार असेलच की.”

मला नाशिकला परत नोकरी मिळाली. निघण्याआधी निरोप घ्यायला संध्याकाळी गेलो. तूक्कू खिळ्यावर लटकत होता. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. त्या म्हणाल्या, “सेतु, आतां तरी घाल की रे तुजं औषध. आतां डोळ्यास काय व्हायचं राहिलंय?”

सेतुराव आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात ड्रॉपरची छोटी कुपी होती. हळदीचं औषध पिवळंधमक असतं, कपड्याला लागलं तर निघत नाही. कुपीत होतं ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. ज्या मिठाच्या पाण्यात ते डोळे ठेवत, तसलंच नवं करून, उकळून गार केलेलं असावं. मी कुपीकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“कसं जालंय?” अक्कांनी विचारलं.

“छान जालंय,” सेतुराव म्हणाले. “फार छान जालंय, अक्का.”

त्या घरात, करणाऱ्याच्या तोंडून, हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. अक्कांनी तर जन्मात ऐकला नसणार. त्यांचा चेहरा हळूहळू भावाच्या आवाजाकडे वळला आणि तसाच थांबला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मला वाटलं, आता त्या काही विचारतील.

त्यांनी मान मागे टाकली. सेतुरावांनी डाव्या हाताच्या बोटानं त्यांची खालची पापणी ओढली, श्वास रोखला, आणि थेंब सोडला. हात दगडावर ठेवल्यासारखा स्थिर होता. पाणी गालावरून ओघळलं. अक्कांनी ते पुसलं नाही.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “आणिक थोडं घाल.”